पंक्तीचा पोशाख

अन्न आणि वस्त्र या मनुष्याच्या दोन आद्य गरजा. पोट भरण्यासाठी वस्त्र लागत नाही आणि अंग झाकण्यासाठी अन्न लागत नाही. तरीही माणूस चार जणांबरोबर पंक्तीला बसू लागला आणि या दोन गरजांची गाठ पडली. कोणी कोणत्या पोशाखात जेवायला यावे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. वरवर पाहता तो शिष्टाचाराचा प्रश्न वाटतो. थोडे खोलात शिरले, की तो नीतीचा होतो. त्याचा विचार करण्यासाठी आपण भूमीपासून दूर, महासागरावरील एका भोजनगृहात जाऊ. क्रूझ जहाजांवर हा प्रश्न लेखी नियमाच्या रूपाने प्रवाशांसमोर येतो आणि त्यामुळे त्याच्या सर्व बाजू स्पष्ट दिसतात.

‘क्युनार्ड’ ही जहाज कंपनी या बाबतीत परंपरानिष्ठ म्हणून ओळखली जाते. तिची ‘ब्रिटानिया’ ही आगबोट १८४० साली टपाल आणि उतारू घेऊन लिव्हरपूलहून अमेरिकेकडे निघाली होती. त्याच कंपनीचे ‘क्वीन मेरी २’ हे जहाज २००४ साली सेवेत आले आणि साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हा त्याचा मुख्य मार्ग राहिला आहे. सायंकाळचे सहा वाजले, की या जहाजावर पोशाखाचा नियम सुरू होतो. एरव्ही नीटनेटका वेश पुरतो. परंतु सफरीतील काही संध्याकाळी ‘गाला’ म्हणून राखून ठेवलेल्या असतात. त्या वेळी पुरुषांनी डिनर जॅकेट आणि बो टाय, निदान गडद सूट आणि टाय, तर स्त्रियांनी समारंभाचा झगा किंवा तत्सम वेश परिधान करावा, अशी अपेक्षा असते. आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही चालतो. म्हणजे पैठणी नेसलेली मराठी स्त्री तेथे नियमबाह्य ठरत नाही. ज्यांना हा खटाटोप नको असेल, त्यांच्यासाठी वेगळे उपाहारगृह उघडे असते. उपाशी कोणालाच ठेवले जात नाही. मुख्य भोजनगृहात मात्र नियम पाळूनच जायचे.

हा रिवाज आला कोठून? एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या श्रीमंत घरांतून. रात्रीच्या भोजनासाठी कपडे बदलणे हा तेथील नित्यक्रम होता आणि आगबोटीच्या पहिल्या वर्गातील मंडळींनी तो आपल्या पेट्यांबरोबर समुद्रावर आणला. पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या पुन्हा बांधलेल्या असत, म्हणून या दोन रात्री त्यातून सूट मिळे. १९३५ साली सेवेत आलेल्या ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच जहाजाचे भोजनगृह तर व्हर्सायच्या सुप्रसिद्ध आरसेमहालापेक्षाही लांब होते. पायऱ्या उतरत, सर्वांच्या नजरा झेलत तेथे प्रवेश करणे हा स्वतंत्र सोहळाच असे.

या वैभवाच्या कितीतरी खाली, एकोणिसाव्या शतकातील आगबोटींच्या तळाशी, देशांतर करणारी गरीब कुटुंबे दाटीवाटीने बसलेली असत. त्यांना पुष्कळदा स्वतःचे अंथरूण आणि जेवणाची भांडीसुद्धा बरोबर आणावी लागत. त्यांच्यासाठी पोशाखाचा कोणताही नियम नव्हता. नियम नसणे हे प्रत्येक वेळी स्वातंत्र्याचे लक्षण असते असे नाही. कधी कधी त्याचा अर्थ एवढाच असतो, की या माणसाकडून कोणाची काही अपेक्षा नाही, आणि म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही नाही.

पुढे १९५८ मध्ये जेट विमाने उतारूंना घेऊन अटलांटिक ओलांडू लागली आणि प्रवासाचे साधन म्हणून आगबोटीचे दिवस भरत आले. जहाजे सहलीसाठी वापरात येऊ लागली. तिकिटावरील पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग हळूहळू पुसला गेला. मागे राहिली ती त्या पहिल्या वर्गाच्या पोशाखाची आठवण. आज क्रूझवर डिनर जॅकेट घालणारा पुष्कळदा निवृत्त शिक्षक असतो, कारकून असतो, आयुष्यभर पै-पै साठवून एकदाच सफरीला निघालेला संसारी माणूस असतो. मग त्याच्यावर हा नियम लादणे न्याय्य आहे काय?

नियमाची बाजू आपण प्रथम प्रामाणिकपणे ऐकून घेतली पाहिजे. आपण दुसऱ्यासाठी नटतो, तेव्हा त्यात त्याच्याविषयीचा आदर असतो. घरी पाहुणा येणार असला, की गृहिणी चूल सोडून लुगडे बदलून येते. तिला आपले रूप दाखवायचे नसते, ‘तुमचे येणे आम्हांला मोलाचे वाटते’ एवढेच सांगायचे असते. ज्या पंक्तीसाठी कोणीच काही तयारी केलेली नाही, ती पंक्ती पोटे भरील, पण तिला सणाची कळा येणार नाही. शिवाय पुरुषांच्या काळ्या पोशाखात एक समतेचा गुणही दडलेला आहे. सर्वांच्या अंगावर तोच काळा कोट आणि तोच पांढरा सदरा असला, की धनिक कोण आणि पेन्शनर कोण, हे सहजासहजी ओळखता येत नाही. शाळेच्या गणवेशाच्या समर्थनार्थ आपण हेच म्हणत आलो आहोत.

पण ही समता अर्धीच आहे. पुरुषाचा एक काळा कोट सर्व समारंभांना पुरतो. तो परवा घातलेलाच आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. स्त्रीने तोच झगा दुसऱ्या समारंभाला घातला, की तो ओळखला जातो. एकाच नियमाचा भार नवऱ्याच्या पेटीत एका कोटाएवढा आणि बायकोच्या पेटीत चार झग्यांएवढा पडतो. नियमात असे कोठेही लिहिलेले नसते. तो भार लोकांच्या नजरेने घातलेला असतो. याच नजरेवर व्यापारही चालतो. समारंभाच्या संध्याकाळी जहाजांवर छायाचित्रकार उभे असतात आणि नटलेल्या कुटुंबांची छायाचित्रे काढून ती त्यांनाच विकली जातात. अमेरिकेत शिष्टाचाराचा प्रमाणग्रंथ लिहिणाऱ्या एमिली पोस्ट यांनीही १९२२ साली जहाजावर नृत्यसमारंभाचे झगे मिरविणाऱ्यांना नापसंती दर्शविली होती. हे वैभव दाखवायला त्यांना अन्य जागा नसावी, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. म्हणजे शिष्टाचाराच्या कैवाऱ्यांनाही हे उमगले होते, की आदरासाठी नटणे आणि मिरवण्यासाठी नटणे यांत अंतर आहे.

मग नियमच काढून टाकला तर? तोही प्रयोग झालेला आहे. ‘नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ या कंपनीने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ सफरी सुरू केल्या. वाटेल त्या वेळी जेवावे, वाटेल त्याच्याबरोबर बसावे, काळ्या कोटाची सक्ती नाही. अनेकांना हायसे वाटले आणि ते स्वाभाविकच होते. परंतु पुढे त्याच कंपनीच्या जहाजांवर ‘द हेवन’ नावाचा विशेष विभाग आला. तेथील खोल्या प्रशस्त, पोहण्याचा तलाव आणि उपाहारगृह वेगळे, आणि विशिष्ट किल्लीकार्ड असल्याशिवाय आत प्रवेश नाही. इकडे काळ्या कोटाचा नियम जपणाऱ्या ‘क्वीन मेरी २’वरही महागड्या खोल्यांतील प्रवाशांसाठी ‘ग्रिल’ नावाची स्वतंत्र भोजनगृहे आहेतच. दोन्ही जहाजांवरील खरी भिंत भाड्याची आहे. एकीवर तिच्यापुढे रेशमी पडदा सोडलेला आहे, दुसरीवर पडदाही नाही. पोशाखाला दोष देऊन किंवा पोशाखाचा गौरव करून ही भिंत हलत नाही, हे आपण ओळखले पाहिजे.

या भोजनगृहांशी आपल्या समाजाचा संबंध जुना आहे; मात्र आपण तेथे शिरलो ते मुदपाकखान्याच्या दाराने. ‘पी. अँड ओ.’ आणि ‘ब्रिटिश इंडिया’ या कंपन्यांच्या आगबोटींवर गोव्याचे ख्रिस्ती बांधव पिढ्यानपिढ्या आचारी आणि स्टुअर्ड म्हणून राबले. बोट मिळेपर्यंत ते मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांतील आपापल्या गावाच्या कुडांत ट्रंकेवर डोके ठेवून दिवस काढीत. आजही गोव्यातील आणि मुंबई परिसरातील कित्येक घरांतील मुलगे, आणि आता मुलीही, क्रूझवर कामाला आहेत. त्यांनाही संध्याकाळी काळा कोट आणि बो टाय चढवावा लागतो. पाहुणा बो टाय लावतो आणि वाढपीही बो टाय लावतो. दूरून पाहणाऱ्याला दोघांत फरक दिसत नाही. तरी एकाला मान मिळतो आणि दुसऱ्याला टिप मिळते. पाहुणा आपला पोशाख मनात येईल तेव्हा उतरवू शकतो. वाढप्याचा पोशाख ड्यूटी संपेपर्यंत अंगावर राहतो, आणि ती कधी संपेल हे त्याच्या हाती नसते. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने त्याला चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती दिली पाहिजे, असे ठरविले. हा करार २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. ज्या मर्यादेपर्यंत काम करून घेण्यास कायदा परवानगी देतो, ती मर्यादा वाचूनच त्या काळ्या कोटाचे वजन आपल्या लक्षात येते. १९२० साली ग्लासगो येथे खलाशांसाठी सुरू झालेले आणि आज ‘स्टेला मारिस’ या नावाने ओळखले जाणारे ख्रिस्तसभेचे सेवाकार्य बंदराबंदरांत या माणसाला त्याच्या नावाने हाक मारते. जहाजावर मात्र त्याचे नाव छातीवरील बिल्ल्यावर असूनही फार थोडे पाहुणे ते वाचतात.

पोशाख आणि पंगत यांविषयी पवित्र शास्त्र मौन बाळगीत नाही. संत याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमका हाच प्रसंग मांडतात. सोन्याची अंगठी आणि उंची वस्त्रे घातलेला एक जण सभेत येतो, त्याला चांगले आसन मिळते. मळक्या कपड्यांतील गरिबाला मात्र उभे राहण्यास किंवा पायांशी बसण्यास सांगितले जाते. हा पक्षपात याकोब उघडपणे पाप ठरवितात. उलट मत्तयकृत शुभवर्तमानातील दाखल्यात राजा लग्नाचा पोशाख नसलेल्या मनुष्याला मेजवानीतून बाहेर काढतो. वाचकांना हा दाखला नेहमीच अडखळवतो. रस्त्यावरून आयत्या वेळी बोलावून आणलेल्या माणसाने लग्नाचा पोशाख आणावा कोठून? संत ऑगस्टीन यांनी याचे उत्तर दिले आहे. त्यांच्या मते, तो पोशाख अंगावरचा नव्हेच. तो म्हणजे प्रीती. ती विकत घ्यावी लागत नाही, म्हणून रस्त्यावरच्या मनुष्यालाही ती नसल्याची सबब सांगता येत नाही. असे वाचले, की याकोबाचे पत्र आणि हा दाखला परस्परविरोधी राहत नाहीत. पंक्तीला नियम असू शकतो. पण तो असा असावा, की बोलावलेल्यांतील सर्वांत गरिबालाही तो पाळता यावा.

आम्हांला वाटते, पोशाखाच्या कोणत्याही नियमाला हीच कसोटी लावावी आणि तिच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न असा, की हा नियम माणसाला त्याची ओळख दाराबाहेर ठेवून यायला सांगतो काय? २०१४ साली चेन्नईच्या एका क्लबमध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना केवळ वेष्टी नेसल्यामुळे प्रवेश नाकारण्यात आला आणि त्याच वर्षी तामिळनाडू विधानसभेला अशा बंदीविरुद्ध कायदा करावा लागला. ज्या भूमीचा तो पोशाख, त्याच भूमीवर तो अशिष्ट ठरावा, यात आदर कोणाचा झाला? दुसरा प्रश्न असा, की या नियमामुळे वाढणाऱ्याकडे आपले लक्ष जाते, की तो सजावटीचा एक भाग होऊन जातो?

हे प्रश्न केवळ जहाजापुरते नाहीत. अलीकडे आपल्याही लग्नपत्रिकांतून रिसेप्शनच्या पोशाखाचा रंग कळविला जाऊ लागला आहे. छायाचित्रे सुंदर येतात, यात शंका नाही. परंतु त्या रंगाची साडी ज्यांच्या कपाटात नाही आणि एका संध्याकाळीसाठी ती घेणे ज्यांना परवडत नाही, अशी एखादी मावशी किंवा आत्या आहेर कोणाच्या तरी हाती पाठवून देते आणि गुडघे दुखत असल्याचे निमित्त सांगते. आपणही ते निमित्त खरे मानतो. पत्रिका छापण्यापूर्वी घरातल्यांनी नातेवाइकांची यादी पुढ्यात घ्यावी आणि एकेका नावाशी थांबून विचार करावा, की हिला यातले काय जमेल. जे तिला जमेल, तोच त्या पंक्तीचा पोशाख ठरवावा.