देव्हाऱ्यातला खोटा रुपया

आमच्या जळगावच्या घरी देव्हाऱ्यात दोन राणीछाप रुपये आहेत. दोन्हींवर साल १८६२. एक इतका झिजलाय की व्हिक्टोरियाचं नाक, कान, मुकुट सगळं एका गुळगुळीत उंचवट्यात विरून गेलंय. दुसरा लख्ख. घरात मान कायम लख्ख रुपयाचा. लक्ष्मीपूजनाला चौरंगावर तो मधे, केरसुणी आणि लाह्या-बत्तासे त्याच्या बाजूला, आणि झिजलेला कुठेतरी सुपारीशेजारी. आईच्या मागे वाटणीची यादी करायला बसलो, तेव्हा सराफ बाजारात एका पेढीवर बसणारा माझा भाचा दोन्ही नाणी कागदात गुंडाळून घेऊन गेला. संध्याकाळी येऊन म्हणाला, “आत्या, झिजलेला खरा आहे. चकचकीत खोटा.”

मी धुळ्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवण्यात नोकरी घालवली. “कशावरून?” हा प्रश्न तोंडातून आपोआप येतो. त्याने दाखवलं. कलदार रुपया म्हणजे बरोबर एक तोळा: १८० ग्रेन, आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा चांदी, एक तांबं. पूर्वी सराफ तोळा मोजायला रुपयाच पारड्यात टाकत. झिजलेला ११.३ भरला, म्हणजे एवढ्या वर्षांची घासपूस धरली तर ठीक. लख्ख रुपया आकाराने तेवढाच, पण पावणेदहाच्या आसपास. आकार तोच आणि वजन कमी, तर धातूच हलका. मग फरशीवर वाजवले. एकाचा नाद लांबला, दुसरा बद्द. भिंगातून पाहिलं तर लख्ख रुपयाच्या झग्यावरची वेलबुट्टी बोथट, अक्षरांच्या खळग्यांत बारीक छिद्रं, आणि दातेरी किनारीवर एका जागी साच्याची रेघ. ओतीव काम, वर चांदीचा मुलामा. झिजलेल्यावर चेहरा नाही, पण ‘इंडिया’च्या अक्षरांना मुळाशी अजून धार आहे. कसोटीच्या दगडाची गरजच पडली नाही.

खऱ्या नाण्याचीही एक गंमत आहे. त्यावर १८६२ असलं तरी ते त्या वर्षी पडलंय असं नाही. टांकसाळींनी १८७४ पर्यंत रुपयांवर तेच साल ठेवलं होतं. मुंबईच्या टांकसाळीतले रुपये कोणत्या वर्षीचे हे नाणेवाले साल-फुलांजवळचे बारीक ठिपके मोजून ठरवतात. आमच्यावर ठिपके होते की नव्हते, हे आईच्या चिंच-राखेने कायमचं पुसलं. दर दिवाळीला ती दोन्ही नाणी घासायची. नाणी जमवणाऱ्यांच्या लेखी हा गुन्हा. चांदीवर चढलेला काळा थर त्यांना हवा असतो, आणि घासून चकचकीत केलेलं नाणं त्यांच्याकडे पडेल भावाने जातं. भाचा म्हणाला, याला आता चांदीचाच भाव. म्हणजे बाजाराने जे नुकसान धरलं, ते सगळं पूजेने केलेलं आहे.

आता माझा प्रश्न. आईने जन्मभर ज्याला हळद-कुंकू वाहिलं तो खोटा निघाला, तर त्या पूजेचं काय?

आपल्या दर्शनांत भ्रमाचं ठरलेलं उदाहरण चांदीचंच आहे: वाळूत शिंपलं चमकतं आणि माणूस चांदी समजून वाकतो. नैयायिक म्हणतो, सराफ्यात पाहिलेली चांदी शिंपल्यावर दिसली. प्रभाकराचा मीमांसक म्हणतो, भ्रम वगैरे काही नाही. समोरचं ‘हे’ आणि आठवलेली ‘चांदी’ यांतला फरक ध्यानात आला नाही, इतकंच. अद्वैती म्हणतो, ती चांदी आहे म्हणता येत नाही आणि नाही म्हणता येत नाही. हा वाद आपल्या खानदेशातही रंगलेला आहे. अमळनेरला प्रतापशेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, आणि तिथल्या मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी १९३३ साली ‘अज्ञान’ याच नावाचा इंग्रजी ग्रंथ लिहिला. कापसाच्या आणि गिरणीच्या गावात बसून माणसं अज्ञानाचा कीस काढत होती, याचा मला अजून अभिमान वाटतो. भाच्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, “पेढीवर नैयायिकच चालेल.”

पेढीवर चालेलच, कारण ज्ञान खरं की खोटं हे नैयायिक व्यवहाराने ठरवतो: पाणी समजून गेलात आणि तहान भागली, तर ते पाणी. मीमांसकाचं उलट. ज्ञान मुळात खरंच धरायचं, खोडून काढणारं काही पुढे येईपर्यंत. आई जन्माची मीमांसक. सासूने दिला म्हणजे खरा. ७२ च्या दुष्काळात तिने पाटल्या मोडल्या, देव्हाऱ्यातला रुपया मोडला नाही. त्या दिवशी तो पेढीवर गेला असता, तर तेव्हाच उघडा पडला असता. श्रद्धेने त्याला व्यवहारात उतरू दिलं नाही, म्हणूनच त्याचा खरेपणा एवढी वर्षं टिकला. यात श्रद्धेचं कौतुक आहे की तिच्यातली खोट, हे मला पटकन सांगता येत नाही.

विद्यारण्यांनी पंचदशीत, ध्यानदीप प्रकरणात, संवादी भ्रम म्हणून एक प्रकार सांगितला आहे. दोघांना लांबून उजेड दिसतो, दोघेही रत्न समजून धावतात. एक उजेड रत्नाचा, दुसरा दिव्याचा. प्रभेला रत्न समजण्यात दोघेही चुकले, पण पहिल्याच्या हाती रत्न लागतं. उपासना ही अशी फळ देणारी चूक आहे, असं त्यांचं म्हणणं. आईची पूजा मी याच खात्यात टाकते. तिला त्या रुपयाची चांदी नको होती, घरात बरकत हवी होती, आणि ती मागणी ऐकायला लक्ष्मीला चांदीच लागते असं शास्त्रही म्हणत नाही. त्याच चौरंगावर सुपारीचा गणपती असतो. ती सुपारी खरी की नकली, हे कोणी विचारलेलं ऐकलं नाही.

पण सुपारी कधी ‘मी गणपती आहे’ म्हणत नाही. आपण जाणूनबुजून तिच्यावर गणपती बघतो. खोटा रुपया मात्र फसवण्यासाठीच ओतलेला असतो. वेदान्तात प्रतीक म्हणतात ते असं जाणून केलेलं पाहणं, आणि शिंपल्यातली चांदी हे न जाणता झालेलं. मला वाटतं, भाच्याने ज्या संध्याकाळी त्याला खोटा ठरवलं त्या संध्याकाळी तो रुपया सुपारीच्या रांगेत आला. आता त्याची पूजा करणारा फसलेला नसेल.

म्हणून भावाचं म्हणणं मला पटलं नाही. तो म्हणाला, यादीत ‘चांदीचे रुपये २’ लिहून टाक, काकूच्या कानावर कशाला? कानावर घालायलाच हवं. पारख टाळणारी भक्ती कुठे जाते, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावर खपणाऱ्या १८१८ सालच्या रामदरबार नाण्यांत दिसतं. कंपनीने चलनात असं नाणं कधी आणलंच नाही, तरी तांदूळ ओढून घेणारं चमत्कारी नाणं म्हणून त्याच्यापायी माणसं जमिनी विकून बसतात. दासबोधाच्या दहाव्या दशकात भ्रमाचा समास सहावा, सगुणभजनाचा सातवा आणि प्रचीतीचा आठवा. समर्थांनी भजनाला मधे बसवलं आणि त्याच्या एका अंगाला प्रचीत ठेवली, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

यादीत मी लिहिलं: राणीछाप रुपये २, पैकी १ चांदीचा, झिजलेला, १ ओतीव, मुलाम्याचा, पूजेतला. काकूला वाचून दाखवलं. ती अहिराणीत एवढंच म्हणाली, “मन्ही सासूनी दिन्हा व्हता तो.” मग विचारलं, येत्या दिवाळीत चौरंगावर मधे कोणता? मी म्हटलं, चांदीचा. तिला मान्य नाही. तिचं म्हणणं, लक्ष्मीला चेहरा हवा, आणि चेहरा त्या दुसऱ्यालाच आहे. तो चेहरा लंडनच्या राणीचा, हे मी सांगून पाहिलं. भाऊ हसत सुटला, काकू हसली नाही. वाद अजून चालू आहे, आणि दिवाळीला वेळ आहे.