लक्कम्मांचे माप आणि आईचे ताट

॥ ॐ श्रीगुरु बसवलिंगाय नमः ॥



शरणी आयदक्की लक्कम्मांची कथा आपण मठातील प्रवचनांत अनेकदा ऐकली आहे. आज तीच कथा आपण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पुन्हा ऐकू या. ज्या बाईने चुलीपुढे बसून धर्म जाणला, तिची कथा चुलीपुढेच अधिक चांगली समजते, असे मला एक आई म्हणून वाटते.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी कन्नड बोलले जाते, त्यांना या नावाचा अर्थ सांगावा लागणार नाही. 'अक्की' म्हणजे तांदूळ आणि 'आयदक्की' म्हणजे वेचलेले तांदूळ. मारय्या आणि लक्कम्मा हे दांपत्य आजच्या रायचूर जिल्ह्यातील अमरेश्वरचे. बाराव्या शतकात बसवण्णांची कीर्ती ऐकून ते कल्याणला, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणला आले. महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक होते. त्या तांदळावर लक्कम्मा रांधीत, जंगमांना दासोह घडे आणि मग पतिपत्नी प्रसाद घेत.

एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घेऊन घरी आले, अशी कथा सांगतात. दुसरी एखादी गृहिणी असती तर तिला आनंदच झाला असता. उद्याची सोय झाली, म्हणून तिने तांदूळ डब्यात भरून ठेवले असते. लक्कम्मांनी मात्र पतीला थांबवले. हा आपल्या गरजेपेक्षा जास्तीचा तांदूळ आपला नव्हे, तो जिथून आणला तिथे परत ठेवून या, असे त्यांनी सांगितले. मारय्यांनी तो परत नेऊन ठेवला.

या कथेतून आपण काय शिकलो? लोभ करू नये, साठवू नये, कायकाने मिळेल तेवढ्यात समाधान मानावे, हे आपण शिकलो. हा बोध खराच आहे. परंतु या कथेत आणखी एक गोष्ट आहे आणि ती रोज दाणे मोजून घेणाऱ्या बाईच्याच लक्षात येते. तांदूळ जास्त आहेत हे लक्कम्मांना पाहताक्षणी कळले, याचे कारण किती पुरतात हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या मनात एक माप होते. त्या मापात दासोहाला येणाऱ्या जंगमांचा वाटा होता, मारय्यांचा वाटा होता आणि स्वतः लक्कम्मांचाही वाटा होता. माप म्हटले की ते दोन्ही बाजूंनी पाळावे लागते. अधिक नको, तसे उणेही नको. यातील 'अधिक नको' हे अर्धे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. 'उणेही नको' हे राहिलेले अर्धे आपल्या कानावर फारसे पडले नाही, आणि त्याची किंमत घरोघरच्या आया मोजीत आहेत.

भगिनींनो, आपल्या घरचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पहाटे उठून आई अंघोळ करते, विभूती लावते, इष्टलिंगपूजा करते. मग चुलीशी उभी राहते. मुलांचे डबे, मालकांचा डबा, सासऱ्यांना मऊ भाकरी, सासूबाईंना कमी तिखटाची भाजी. दुधाचे पातेले उतरते तेव्हा पहिला पेला धाकट्याचा, दुसरा थोरल्याचा, उरलेले विरजणाला. तिच्या वाट्याला येतो तो चहा. दुपारी सगळ्यांचे आटोपल्यावर ती पाटावर बसते, तेव्हा कढईच्या कडेला चिकटलेली भाजी आणि मुलाने अर्धी टाकलेली भाकरी तिच्या पुढ्यात असते. दह्याची साय केव्हाच मुलांच्या ताटात गेलेली असते. "अन्न वाया घालवू नये" म्हणत ती तेवढ्यावर जेवण उरकते. कुणी विचारले तर म्हणते, "मला भूकच नाही."

याला आपण कौतुकाने आईचा त्याग म्हणतो. पण शरणांच्या शिकवणीत हे बसते का, याचा विचार आपण कधी केला आहे का?

आपल्या अष्टावरणांत प्रसादाचे स्थान किती मोठे आहे हे वाचकांना सांगणे नको. प्रसादाच्या पंक्तीत धनी आणि चाकर, स्त्री आणि पुरुष असा भेद शरणांनी ठेवला नाही. आपल्याकडे एक सुंदर रीत चालत आली आहे. ज्याने त्याने आपले ताट निर्मळ करावे, ताटात पाणी घालून तेही प्राशन करावे, एक शीतही टाकू नये. ही रीत घरातल्या प्रत्येकाने पाळली, तर मुलाने टाकलेली अर्धी भाकरी आईच्या वाट्याला येईलच कशी? ज्याचा प्रसाद त्याने पुरा करावा आणि आईला तिचा प्रसाद तिच्या ताटात, ताजा आणि पुरता मिळावा. अन्न वाया जाऊ नये ही चिंता योग्यच आहे. पण ती दूर करायची ती लक्कम्मांच्या मापाने, रांधतानाच अंदाज घेऊन. आईच्या पोटाला उरल्यासुरल्याची कोठी करणे हा त्यावर उपाय नाही.

आता थोडे शरीराविषयी. केंद्र सरकारच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे त्यांना पंडुरोग असल्याचे आढळले. दहा बायका प्रवचनाला बसल्या, तर त्यांतल्या पाच-सहा जणींची ही गत असू शकते. जिना चढताना धाप लागणे, भाकरी थापताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, सायंकाळी विनाकारण चिडचिड होणे, केस गळणे, पाय ओढल्यासारखे वाटणे, याला आपण "वय झालं", "दगदग झाली" म्हणतो. पुष्कळदा ते रक्त कमी असल्याचे लक्षण असते. स्त्रीच्या शंभर मिलिलिटर रक्तात निदान १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असावे, गरोदर स्त्रीच्या रक्तात निदान ११. बोटाच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन ही तपासणी होते.

स्त्रीच्या बाबतीत लोह कमी होण्याचे एक मोठे कारण दर महिन्याचा रक्तस्राव हे आहे. याविषयी घरात बोलायला आपण संकोचतो. खरे तर हा संकोच शरणांनी आठशे वर्षांपूर्वीच दूर केला आहे. जननसूतक, मृत्युसूतक, जातिसूतक, उच्छिष्टसूतक आणि रजसूतक ही पाचही सूतके त्यांनी नाकारली. ज्या अंगावर इष्टलिंग आहे त्या अंगाला विटाळ कसला, असा त्यांचा रोकडा विचार. आपल्या परंपरेत तर गरोदर मातेच्या पोटातील गर्भालाही लिंगसंस्कार दिला जातो. जन्माला येण्यापूर्वी जीवाला दीक्षा मिळते ती आईच्या देहातून. एवढा मान या देहाला धर्माने दिला. तो देह विटाळलेला नाही हे आपण मान्य केले. आता त्याची हेळसांडही करू नये, ही त्याच विचाराची पुढची पायरी आहे. तेव्हा आईने आपल्या लेकीशी पाळीविषयी मोकळेपणाने बोलावे. रक्तस्राव फार होत असेल, दिवस लांबत असतील, तर ते अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावे.

आपण शाकाहारी आहोत, म्हणून दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. धान्य, कडधान्य आणि पालेभाज्यांतले लोह शरीरात थोडे कमी शोषले जाते. जेवताना वर लिंबू पिळले किंवा आवळा घेतला की ते अधिक शोषले जाते. उलट जेवणावर लगेच चहा घेतल्याने ते शोषले जाण्यात अडथळा येतो. म्हणून जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवावे. बाजरी, अळीव, राजगिरा, मोड आलेली मटकी, हुलगे, तीळ हे काही श्रीमंतांचे पदार्थ नव्हेत. आपल्या घरात ते पूर्वापार आहेत. आणखी एक गोष्ट. रक्त तयार होण्यास लागणारे बी-१२ हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नसते. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. मुलांना दूध वाटून स्वतः कोरडी राहणारी आई नेमकी याच बाबतीत उपाशी राहते.

गोळ्यांविषयीही सांगते. २०१८ साली सुरू झालेल्या 'ॲनिमिया मुक्त भारत' या कार्यक्रमात लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याची योजना आहे. गरोदर मातेने चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस त्या घ्याव्यात असे त्यात सांगितले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांची चौकशी करावी. गोळीने शौचास काळे होते म्हणून घाबरून ती मध्येच सोडू नये.

काही भगिनी म्हणतील, "आमचे सोमवार असतात, गुरुवार असतात, मुलाच्या परीक्षेसाठी बोललेला उपवास असतो." श्रद्धेचा मान राखूनच सांगते, देह कष्टवणाऱ्या व्रतांना शरणांनी महत्त्व दिले नाही. त्यांनी कायकाला महत्त्व दिले, आणि कायक करायला अंगात बळ लागते. साबुदाण्यात जवळजवळ नुसता पिष्टमय भाग असतो. त्याची वाटीभर खिचडी आणि चार कप चहा यावर दिवस काढून जी आई संध्याकाळी चक्कर येऊन बसते, तिच्या उपवासाने मुलाचे गणित सुटत नाही. त्यापेक्षा तिने पोटभर प्रसाद घेऊन मुलाजवळ तासभर बसावे.

आता एक नाजूक गोष्ट. 'दासोहम्' हा शब्द शरणांनी निवडला तो अहंकार गळावा म्हणून. मी दास आहे, माझ्या हातून जे घडते ते त्याचे आहे, ही ती भावना. परंतु मी उपाशी राहते म्हणून हे घर चालते, माझ्यावाचून यांचे पान हलत नाही, असे आईच्या मनात येऊ लागले की सेवेत बारीकसा 'मी' शिरतो. मग तो एखाद्या दिवशी रागाच्या रूपाने बाहेर पडतो: "मी तुमच्यासाठी किती केलं!" मुले खाली मान घालतात, घरातले हसू जाते. दासोह करणारी बाई पंक्तीतून स्वतःला वगळीत नाही. जंगमाला वाढताना जी भक्ती, तीच आपल्या ताटात वाढून घेताना असावी, कारण तेही लिंगाला अर्पण केलेलेच अन्न आहे.

घरातील बंधूंनाही दोन शब्द सांगायचे आहेत. सत्यक्का अंगण झाडीत, कदिरे रेम्मव्वा सूत कातीत. त्यांची वचने आज आपण आदराने वाचतो. शरणांच्या दृष्टीने कोणतेही काम हलके नव्हते. मग ताट उचलणे, पाणी भरणे, भाकरीला पीठ मळून देणे हे मुलाने केले तर कमीपणा कसला? अय्यांनी, अप्पांनी रोज जेवायला बसण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: "तुझं ताट कुठं आहे?" आणि ते येईपर्यंत घास उचलू नये. याला पैसा लागत नाही, वेळही फारसा लागत नाही. घरात पाळी बांधून जेवणाऱ्या मंडळींनी आठवड्यातून निदान काही दिवस एका पंक्तीला बसावे. ज्या घरात सासूबाई सुनेला म्हणतात, "ये, आधी बस, मी वाढते," त्या घरात महामनेची आठवण होते.

मुली आईचे शब्द विसरतात, पण आईचे ताट विसरत नाहीत. आई उरलेले खाते हे रोज पाहणारी मुलगी सासरी जाऊन तेच करते आणि तिचा भाऊ आपल्या बायकोकडून तेच अपेक्षितो. हे असे तीन-चार पिढ्या चालले की रक्तक्षय हाच जणू बाईचा दागिना ठरतो. ही साखळी तोडणे कुणा डॉक्टरच्या हातात नाही. ती आजच्या आईच्या हातात आहे आणि तिच्याशेजारी पाटावर बसणाऱ्या माणसांच्या हातात आहे.

म्हणून या महिन्यासाठी अक्कन बळगातील भगिनींनी एवढा नेम करावा. आपले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि आकडा वहीत लिहून ठेवावा. स्वयंपाक करताना मापातच आपला वाटा धरावा. ताट सगळ्यांबरोबर वाढून घ्यावे, त्यावर लिंबाची फोड आणि वाटीभर ताक असावे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. लक्कम्मांनी जास्तीचे तांदूळ परत पाठवले, तसे आपण आपल्या वाट्याचे जे दुसरीकडे जाते ते आपल्या ताटात परत आणावे. माप पुरे झाले की घरही पुरे होईल.

शरणु शरणार्थी.