मोडका पाटा

एक जोडपं पहिल्यांदाच ऊसतोडीला निघालं होतं. दसरा झाला होता, मुकादमाकडून उचल घेऊन झाली होती, राहिला होता तो फक्त कोयता. नवऱ्यानं तालुक्याच्या दुकानातून लोखंडाची चकचकीत पट्टी आणली आणि गावाबाहेर पाल टाकून बसलेल्या घिसाड्यापुढं ठेवली.

"बाबा, कोयता करून द्या. नवं कोरं लोखंड हाय."

म्हाताऱ्यानं पट्टी उलटसुलट पाहिली आणि बाजूला ठेवली. मग पालामागच्या ढिगातून त्यानं ट्रकचा कमानपाटा ओढून काढला. गंजलेला, चिखल वाळलेला, एका टोकाला तुटलेला.

"तुझा कोयता ह्याचा हुईल."

तरुणाला राग आला. नवं ठेवून घेऊन हा आपल्या गळ्यात भंगार मारतोय, असं त्याला वाटलं. तो पट्टी उचलायला वाकला, तेव्हा बायकोनं त्याचा हात धरला. "अवं, बघू तरी."

म्हाताऱ्यानं वाद घातला नाही. दोन्हींचा बोटभर तुकडा तोडून भट्टीत घातला. त्याच्या म्हातारीनं पंखा फिरवला. तुकडे शेंदरी झाले तसे ते पाण्यात बुडवले आणि गार झाल्यावर तरुणाच्या हातात कानस दिली.

"घास."

नव्या पट्टीवर कानस करकरत चालली, भुगा पडला. पाट्याच्या तुकड्यावर ती नुसतीच घसरत राहिली.

"पाणी दिलं की हे कडक हुतं, ते हुत नाही," म्हातारा म्हणाला. "तुझी पट्टी वाईट नाही, पण तिला धार टिकायची नाही. ह्या पाट्यानं ऊस वाहिला, वाळू वाहिली. दर खड्ड्याला वाकायचं, परत सरळ व्हायचं. असं करता करता एका जागी थकला आन् तिथंच मोडला. बाकीचं पोलाद हाय तसं हाय."

"मग फेकला कशाला त्यांनी?"

"त्यांना पाटा पाहिजे हुता. कोयता कुठं पाहिजे हुता?"

काम सुरू झालं. म्हाताऱ्यानं पहिल्यांदा काय केलं, तर तुटल्या टोकाकडची चार बोटं छन्नी लावून कापून टाकली. एवढं चांगलं पोलाद वाया घालवलेलं पाहून तरुण हळहळला.

"मोडीजवळ आत चिरा असत्यात, डोळ्याला दिसत न्हाईत. तेवढ्यावर माया केली, तर फडात कोयता तुटून तुझ्याच पायावर येईल."

या गोष्टीतला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. जुनं जपायचं म्हणजे सगळंच कवटाळायचं नसतं. काय टाकायचं हे ज्याला कळतं, त्यालाच उरलेल्यातून काही घडवता येतं.

मग म्हाताऱ्यानं सांडशीत पाटा धरला आणि म्हातारीनं घण उचलला. तो हातातल्या लहान हातोडीनं जागा दाखवी, तिथंच तिचा घाव पडे. या दोघांच्या ठोक्यांत हळूहळू पाट्याचं पातं झालं. धारेला पाणी दिल्यावर त्यानं ती पुन्हा जराशी शेकली, नाहीतर ती काचेसारखी तुटते. उरलेल्या तुकड्याचं त्यानं तरुणाच्या बायकोसाठी खुरपं केलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण तुकडा खुरप्याएवढाच होता. नव्या पट्टीचा दाराला कडीकोयंडा करून दिला, कारण तिथं तीच चांगली.

हंगाम संपवून जोडपं गावी परतलं, तेव्हा कोयता झिजला होता, पण कामाचा होता.

घिसाडी आजही गावोगाव रस्त्याकडेला पाल टाकून बसतात. घरातलं मोडकं लोखंड भंगारवाल्याच्या काट्यावर टाकण्याआधी एकदा त्यांना दाखवा. त्यातून काही होईल का, ते खरं सांगतील. आणि ते मागतील ती मजुरी घासाघीस न करता द्या.