पदरचा कंदील

लेख लिहिणे म्हणजे काय, असे कुणी विचारले तर मी सांगेन, निम्मा वेळ टाळाटाळ आणि उरलेला निम्मा खोडाखोड. विषय अंघोळ करताना सुचतो आणि अंग पुसेपर्यंत विसरतो. पहिले वाक्य सापडेपर्यंत तीन कप चहा होतो. आणि लेख संपत आला की कळते, ते पहिले वाक्य काढून टाकले तरच लेख नीट उभा राहणार! ही गंमत सगळ्याच लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येते. पण कधी कधी लिहिता लिहिता असा प्रश्न आडवा येतो, की तो भाषेचा नसून नीतीचा असतो.

आता हेच पाहा. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर लेख लिहायचे मी ठरविले. सामग्रीला तोटा नव्हता. जन्म सोलापुरातच, 10 ऑक्टोबर 1910 चा. जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला राष्ट्रसभेने 1938 साली पाच डॉक्टर पाठविले, त्यांतले हे एक. चौघे परतले; कोटणीस राहिले. आघाडीजवळ शस्त्रक्रिया केल्या, डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ते पोर रांगूही लागले नव्हते तोच, 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी डॉक्टर गेले.

या टिपणांत एक ओळ होती. ते चीनमध्ये असतानाच इकडे वडील वारले, तिकडे बातमी कळली, तरी ते परतले नाहीत.

इथे माझी लेखणी अडली असती तर बरे होते. ती उलट सुटलीच! कंदिलाची वात मंदावली, बाहेर उत्तरेचा वारा घोंगावू लागला, हातातल्या कागदावरची अक्षरे आसवांत विरघळली. सौ.ना वाचून दाखविले, तर त्यांनी डोळ्यांना पदर लावला. लेखकाला आणखी काय हवे? पण यातला कंदील माझा, वारा माझा, आणि ते पाणीही माझ्याच पदरचे.

"मग बिघडले काय?" सौ. म्हणाल्या. "व्ही. शांताराम यांनी 1946 च्या सिनेमात डॉक्टरांच्या गोष्टीत गाणी नाही का घातली?"

मुद्दा बिनतोड वाटतो. पण सिनेमातला कोटणीस म्हणजे शांताराम, हे प्रेक्षक जाणून असतो. कीर्तनकार पदरची मीठमिरची लावतो, तेही श्रोत्यांना ठाऊक असते. किंबहुना तेवढ्यासाठीच ते येतात. छापील लेखाचे तसे नाही. दिवाळी अंक घरातले सारे वाचतात. उद्या एखादी शाळकरी मुलगी माझा कंदील आपल्या निबंधात उतरवून घेईल आणि परवा तो इतिहास होऊन बसेल. बखरींतल्या अशाच कंदिलांची उलटतपासणी करता करता 1898 साली राजवाड्यांनी आपल्या साधनांच्या पहिल्या खंडाची प्रस्तावना खर्ची घातली.

आणि एवढ्यावरच भागत नाही. मी ते अश्रू का घातले, याचा विचार करू लागलो तेव्हा निराळेच हाती आले. बाप गेला, मागे आई आहे, आणि मुलगा परक्या देशाच्या जखमा बांधीत बसला आहे. हे योग्य की अयोग्य? प्रश्न फार कडू आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने विचारला तर फराळाचे ताट तसेच राहील. डॉक्टरांच्या डोळ्यांत मी पाणी आणले की वाचक चटकन म्हणतो, "रडला बिचारा!" आणि क्षमा करून पान उलटतो. म्हणजे त्या माणसाने जो निर्णय आयुष्य पणाला लावून घेतला, तो मी दोन थेंबांत पातळ करून टाकणार. त्यांनी माझ्याकडे क्षमा मागितली होती कुठे?

शेवटी लेखात एवढेच ठेवले: वडील वारल्याची बातमी आली, ते परतले नाहीत.

"हे अगदीच कोरडे झाले हो," सौ. म्हणाल्या.

"अगं, असू दे कोरडे."

"मग आईचे काय झाले, ते तरी लिहा."

यावर मी पुन्हा चहा मागितला. तो मिळाला, पण बऱ्याच वेळाने.