मला, माझे, माझ्याकडे : 'हॅव' या क्रियापदाच्या निमित्ताने

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात 'असणे' या क्रियापदाची जेवढी चिकित्सा झाली, तेवढी त्याच्या शेजारच्या क्रियापदाची झालेली नाही. इंग्रजीतील 'टु बी'च्या संदिग्धतेवर मिलपासून रसेलपर्यंत अनेकांनी लिहिले. 'टु हॅव' मात्र व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांत सहायक क्रियापद म्हणून एका कोपऱ्यात राहिले. वस्तुतः नीतिविचाराच्या दृष्टीने हे दुसरे क्रियापद अधिक जोखमीचे आहे. कारण माणसाचे वस्तूंशी, स्वतःच्या देहाशी, आप्तांशी आणि परक्यांशी असलेले नाते ते एकाच साच्यात बसवते.

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या भाषांतराच्या प्रश्नपत्रिकेसाठी मी एक इंग्रजी वाक्य मुद्दाम रचले होते. त्या वाक्यातील स्त्रीचे दोन मुली, तीन नोकर, दमा आणि थोडेसे धैर्य, अशा चार गोष्टींशी नाते सांगितले होते, आणि हे चारही संबंध एकट्या 'हॅड'ने तोलून धरले होते. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी लिहिले : 'तिच्याकडे दोन मुली, तीन नोकर, दमा आणि थोडे धैर्य होते.' दमा 'तिच्याकडे' असणे कोणालाही खटकेल. पण दोन मुली 'तिच्याकडे' असल्या तर काय बिघडते, हे विद्यार्थ्यांना सांगताना माझीच तारांबळ उडाली. प्रस्तुत लेख हा त्या तारांबळीचा लांबलेला हिशेब आहे.

प्रथम इंग्रजी क्रियापदाकडे पाहू. 'हॅव' आणि लॅटिन 'हाबेरे' यांचे रूप व अर्थ इतके जुळतात की ते सख्खे भाऊ वाटावेत. व्युत्पत्तिशास्त्र मात्र त्यांचे नाते नाकारते. ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनुसार 'हॅव'चा खरा आप्त लॅटिन 'कापेरे', म्हणजे पकडणे, झडप घालून घेणे. मुठीत धरण्याची ती मूळ क्रिया कालांतराने निवळत गेली आणि तिची एक अवस्था झाली : घेतलेले आहे, म्हणून आहे. पुढे हा शब्द इतका पसरला की स्नान, चहा, भांडण, संशय, बैठक, अपत्य, सर्दी असे सारेच इंग्रज माणूस 'हॅव' करू लागला. फसवला गेलेला माणूसही आपण 'हॅड' झालो असे म्हणतो. मूठ आवळण्याचा जुना अर्थ तेवढ्यापुरता पुन्हा वर येतो. एखाद्याकडून काम करवून घेणे यासाठीही हेच क्रियापद येते, आणि घर रंगवून घेणाऱ्याच्या वाक्यातून रंगारी नाहीसा होतो. (तो मराठीतल्या 'रंगवून घेतले' मधूनही नाहीसा होतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.)

एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषावैज्ञानिकाने १९६० च्या एका निबंधात 'असणे' आणि 'जवळ असणे' यांच्या कार्याचा विचार करताना एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. 'हॅव'सारखी क्रियापदे सकर्मक दिसतात, पण तशी नसतात. त्यांचा कर्ता काही करीत नाही, तो केवळ एका अवस्थेचे अधिष्ठान असतो. 'मला आहे' या रचनेची ती उलटी बाजू आहे. म्हणूनच इंग्रजीत या अर्थाच्या 'हॅव'चा कर्मणी प्रयोग सहसा होत नाही. पुस्तक माझ्याकडून वाचले जाते, पण 'हॅव' केले जात नाही. मात्र वाक्याचा बाह्याकार कर्ता-क्रियापद-कर्म असाच राहतो आणि 'मी' अग्रस्थानी उभा राहून जगातल्या वस्तूंवर काही करीत असल्याचा आभास निर्माण होतो. लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक माणसाची स्वतःच्या देहावर मालकी असते असे म्हटले, आणि त्या मालकीतून श्रमावरची व श्रमातून वस्तूवरची मालकी सिद्ध केली, तेव्हा या आभासाने त्याला किती साहाय्य केले असेल? सी. बी. मॅकफर्सन यांनी १९६२ मध्ये ज्याला स्वामित्वनिष्ठ व्यक्तिवाद म्हटले, त्याचे व्याकरण येथे सापडते असे म्हणण्याचा मोह होतो.

हा मोह एरिक फ्रॉम यांना आवरला नाही. १९७६ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्यांनी 'हॅव' आणि 'बी' अशा दोन जीवनरीती परस्परांसमोर उभ्या केल्या. मनोविश्लेषकाकडे येणारा आजचा रुग्ण 'मी अस्वस्थ आहे' असे न म्हणता आपणास 'एक समस्या आहे' असे 'हॅव'च्या भाषेत बोलतो, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. परंतु पुढे ते सुचवतात की अनेक भाषांत 'हॅव'ला शब्दच नाही, आणि हे क्रियापद खाजगी मालमत्तेच्या विकासाबरोबर उदयास आले असावे. मराठी वाचकाला हे वाचून सुख वाटते, आणि तेथेच सावध व्हायला हवे. मराठीत 'हॅव' नाही, हिंदीत नाही, रशियनमध्येही नेहमीची रचना 'माझ्यापाशी आहे' अशीच आहे. म्हणून मराठी मुलुखात मिरासदार, वतनदार आणि सावकार नव्हते काय? क्रियापदावाचून त्यांचे काहीही अडले नाही. भाषेत एखादा शब्द नसणे हे त्या भाषकांच्या निर्लोभतेचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही.

तर मग मराठीत काय आहे? एका क्रियापदाच्या जागी मराठी विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये यांचे एक जाळे वापरते. 'मला दोन बहिणी आहेत', 'मला ताप आहे', 'मला वेळ नाही'. 'माझे घर आहे'. 'माझ्याकडे छत्री आहे', 'माझ्याजवळ पैसे नाहीत'. 'तिच्या अंगी धैर्य आहे'. यांतील 'ला' आणि 'कडे' यांचा भेद मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. 'कडे' हे मुळात दिशा दाखवणारे अव्यय. जे एखाद्याच्या बाजूला, ताब्यात, सांभाळात आहे, जे तो खाली ठेवू शकतो किंवा दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो, ते त्याच्या'कडे'. जे त्याच्या वाट्याला आलेले आहे आणि सोपवता येत नाही, ते त्या'ला'. 'मला दोन भाचे आहेत' हे नाते झाले. 'माझ्याकडे दोन भाचे आहेत' म्हणजे ते शिकायला माझ्या घरी राहिले आहेत. 'त्याला गावात मान आहे', पण 'पालखीचा मान त्यांच्याकडे आहे'. 'मला अधिकार आहे' असे नागरिक म्हणतो, 'माझ्याकडे अधिकार आहेत' असे पदाधिकारी म्हणतो. दुसऱ्याची बदली झाली की ते तेथेच राहतात. हक्कांविषयीच्या राजकीय मीमांसेने ज्यांना अहस्तांतरणीय म्हणून वेगळे काढले, ते हक्क मराठी माणूस बहिणीच्या आणि तापाच्या विभक्तीत ठेवतो.

जमिनीचे काय, असा प्रश्न येथे निघेल. 'त्याला पाच एकर जमीन आहे' असे आपण सर्रास म्हणतो, आणि जमीन तर विकता येते. माझा नियम येथे पुरता टिकत नाही हे मान्य. पण 'त्याच्याकडे पाच एकर आहे' या वाक्याने वेगळेच सूचित होऊ शकते : जमीन दुसऱ्याची, हा नुसता कसतो. कुळकायद्याचा इतिहास याच अव्ययांत सांगता येईल. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याला १९५६ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेतील षष्ठी ही 'कडे'विरुद्ध केलेली मागणी होती.

दुसरा मुद्दा याहून खोल जातो. इंग्रजीत 'हॅव'ला 'टु' जोडला की कर्तव्य निर्माण होते : माझ्यापुढे लिहायचे पत्र आहे, म्हणून मला पत्र लिहावे लागते. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'हाबेरे'च्या अशाच प्रयोगातून फ्रेंचसारख्या भाषांचा भविष्यकाळ घडला. ज्याला आहे त्याला करणे भाग आहे, हा विचार कोणा नीतिशास्त्रज्ञाने सांगण्यापूर्वी क्रियापदाने जोडून ठेवला होता. मराठीत हा सांधा क्रियापदात नाही, विभक्तीत आहे. 'मला जायचे आहे', 'मला जावे लागते', 'मला गेले पाहिजे' : कर्तव्याचा धनी 'ला'मध्येच येतो, 'कडे'मध्ये कधीच नाही. मुलगी 'मला' असते आणि तिच्यासाठी घरी लवकर जावेही 'मला'च लागते. छत्रीसंबंधी असे काही बंधन नाही.

मात्र हा सांधा नेहमीच सुंदर असतो असे नाही. महारांना वतन होते. व्याकरणाने हे वाक्य लाभाचे आहे, इतिहासाने ते वेठीचे. थोडी जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात गावाची आणि सरकारची पडेल ती कामे, हाक येईल त्या वेळी, पिढ्यान्‌पिढ्या. आणि एकट्या वतनदारालाच नव्हे, त्याच्या घरच्यांनाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते याचसाठी. हे वतन म्हणजे संपत्ती नसून दास्याचे बंधन आहे, ही त्यांची भूमिका होती. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. मालकाला त्याची मालमत्ता गिळून टाकते, असे गाब्रिएल मार्सेल 'असणे आणि जवळ असणे' या विषयावरील १९३५ च्या ग्रंथात म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सुखवस्तू युरोपीय माणूस आहे. त्याचे विधान खरे आहे, पण येथे ते वेगळ्या अर्थाने खरे ठरले : महाराला वतन होते असे म्हणत असताना वतनालाच महार होता.

आता त्या तीन नोकरांकडे वळले पाहिजे. 'तिला तीन नोकर होते' हे कानाला जरा अवघडते; 'तिच्याकडे तीन नोकर होते' हेच रूढ मराठी. याच अव्ययाने आपण म्हणतो : 'पाटलांकडे चार बैल आणि दोन गडी होते.' म्हणजे इंग्रजीने मुली, नोकर आणि बैल एका रांगेत उभे केले, तर मराठीने मुलींना बाहेर काढले आणि गड्यांना बैलांपाशी ठेवले. आपल्या विभक्तींचा जो सूक्ष्म विवेक मी आतापर्यंत वाखाणला, त्याची ही दुसरी बाजू आहे. जे आपले त्यांना तो जपतो, आणि परक्या माणसाला वस्तूच्या कोठीत टाकताना त्याला काही वाटत नाही.

या बाबतीत आपण एकटे नाही, एवढेच समाधान. ॲरिस्टॉटलने आपल्या दहा पदार्थांमध्ये 'धारण करणे' याला एक स्थान दिले आहे, आणि 'कॅटेगरीज'च्या शेवटच्या प्रकरणात 'हॅव'च्या ग्रीक प्रतिरूपाचे अर्थ मोजले आहेत : गुण असणे, अंगावर वस्त्र असणे, बोटात अंगठी असणे, रांजणात धान्य असणे, घर किंवा शेत असणे. 'बायको असणे' या प्रयोगापाशी येताच तो थबकतो. हा अर्थ सर्वांत दूरचा, तो म्हणतो, कारण याचा अर्थ ती दोघे एकत्र राहतात एवढाच. बायकोपाशी थबकलेला हाच विचारवंत 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या भागात गुलामाला सजीव मालमत्ता म्हणतो आणि तेथे थबकत नाही. इंग्रजी चर्चच्या विवाहविधीत 'हॅव' आणि 'होल्ड' ही जोडी वर आणि वधू दोघांच्याही तोंडी घातलेली आहे. तीच जोडी इंग्रजी जमीनखरेदीच्या दस्तातही आढळते, आणि तेथे अर्थातच जमिनीला बोलावे लागत नाही. दोघांनी परस्परांविषयी उच्चारल्यावर 'हॅव' हे नाते होते, एकाने दुसऱ्याविषयी उच्चारल्यावर ताबा. नोकराच्या वाक्यात 'आम्हाला मालक आहे' असे उलट उत्तर कोणी ऐकलेले नसते.

अलीकडच्या मराठीत 'कडे'चा फैलाव वाढतो आहे. 'माझ्याकडे एक कल्पना आहे', 'तिच्याकडे सौंदर्य आहे', 'आपल्याकडे दोन पर्याय आहेत', 'त्यांच्याकडे तीन मुले आहेत' : वृत्तपत्रे, जाहिराती आणि भाषांतरे यांतून इंग्रजी 'हॅव' एका अव्ययाचा वेष घेऊन आले आहे. शुद्धीच्या अभिमानाने यावर रागावण्यात मला रस नाही. भाषा उसनवारीने मरत नाही. पण कल्पना 'सुचते' आणि मूल 'होते' असे म्हणणाऱ्या भाषेत त्या गोष्टी आपल्या हातून न घडता आपल्यापर्यंत आल्या याची कबुली होती. ती कबुली सोडायची असेल तर निदान जाणून सोडावी.

त्या प्रश्नपत्रिकेतील एका उत्तराचा उल्लेख करायचा राहिला. बहुतेकांनी 'तिच्याकडे तीन नोकर होते' असे लिहिले आणि मी त्याला पूर्ण गुण दिले. एका विद्यार्थिनीने मात्र लिहिले होते : 'तिला दोन मुली होत्या, तिच्या घरी तीन माणसे कामाला येत, तिला दम्याचा त्रास होता, आणि थोडे धैर्यही होते.' कर्ता बदलला, मुळातील क्रियापद नाहीसे झाले, म्हणून मी 'मूळ रचनेपासून फारकत' असा शेरा समासात लिहून दीड गुण कापला. उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेली असेल, आणि गुण आता वाढवून देता येत नाहीत.