आधी चाक ऐका

दुपार कलली की ओसरीत बसा. घाईत असाल तर आज नको, उद्या बसा. समोर लहान मुलांच्या दोन जुन्या सायकली आडव्या ठेवा; एक घरातली, दुसरी भावकीतून मागून आणलेली. चाकं मात्र एकाच मापाची हवीत, दोन्ही 16 इंची नाहीतर दोन्ही 20. भंगारवाला यांचा किलोवर भाव करून मोकळा होईल. तुम्ही इतक्यात मोकळे होऊ नका; यांच्या चाकांची, मोठ्या सायकलमागे ओढायची मालगाडी करायची आहे.

नुसतं पाहा. सीटचं रेक्झिन उसवलंय, घंटीचं झाकण कधीच गेलंय, हँडलच्या मुठीवर दातांच्या खुणा आहेत. यात मोडलेलं असं काही नाही. मूल वाढलं, गुडघे हँडलला लागायला लागले आणि सायकल भिंतीला लागली, एवढंच.

आता पुढचं चाक चिमट्यासकट उचला आणि हाताने फिरवा. कान द्या. खरखर आली तर छर्‍यांचं ग्रीस वाळलंय. अडखळत फिरलं तर कोन जास्त आवळलाय. रिम डावी-उजवीकडे झुलली तर आऊट आहे, तारा कसाव्या लागतील. चाक आपणहून थांबेपर्यंत दुसरं काही करू नका.

एक्सल बोटांत धरा. जाडी जेमतेम 8 मिलिमीटर. एवढ्याशा सळीवर पोरगं खड्ड्यांतून उड्या मारत गेलं, तरी ती वाकली नाही. कारण चिमट्याने तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. हौशी माणूस मालगाडी करताना चाक एकाच बाजूने चौकटीला अडकवतो आणि ओझं पडलं की एक्सल वाकतो. मग दोष सायकलीला. चाकाच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे लोखंड आलंच पाहिजे. वेल्डिंगवाल्याने टाका मारण्याआधी त्याला हे पुन्हा सांगा.

चाक चिमट्यासकट वापरायची ही रीत आपल्याकडे नवी नाही. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांनी जुन्या सायकलचं पुढचं चाक, चिमटा आणि हँडल घेऊन बैलाविना चालणारं कोळपं केलं. ‘कृषिराजा’ त्याचं नाव. सायकल कोळपं आता कुणाला नवलाचं वाटत नाही. मला मोलाचं वाटतं ते हे, की त्यात चाक आणि चिमट्याची जोडी फोडलेली नाही.

आता काय वाहायचं आहे ते मनात आणा. संगमनेर-अकोल्याकडे टोमॅटोचं भरलेलं क्रेट साधारण 20 किलोचं. पाण्याचा जारही तेवढाच. दोन नग म्हणजे 40 किलो. घरगुती जोडकामाला एवढं पुष्कळ झालं. चौकट क्रेटच्याच मापाची करा. मोठी केली की मोकळी जागा भरायचा मोह होतो.

रिकाम्या गाडीत ओझं ठेवा आणि सायकलला जोडायची दांडी एका हाताने उचलून धरा. डोळे मिटलेत तरी चालेल. दांडी वर पळू बघत असेल तर गाडी उलाळ झाली. बैलगाडी भरणार्‍या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. मनगट दुखायला लागलं तर भार फार पुढे आलाय. क्रेट चार बोटं पुढे घ्या, दोन बोटं मागे सारा, पुन्हा उचला. 40 किलोंपैकी चारेक किलो हाताला जाणवले की थांबा. ओझं कुठे बसलं ते हाताला कळतं. इथे फूटपट्टी लागत नाही.

दांडी मोठ्या सायकलच्या मागच्या एक्सलला डावीकडे जोडा, उजवीकडे चेन असते. जोड लवचीक असावा. सायकल आडवी पडली तरी गाडी उभी राहिली पाहिजे. शिवाय एक पट्टा सैल बांधून ठेवा, जोड सुटला तर गाडी रस्त्यावर भरकटायला नको.

या गाडीला स्वतःचा ब्रेक नाही. उतारावर सगळं ओझं मागून तुम्हाला ढकलतं. म्हणून करंजी घाट किंवा इमामपूर घाट हिच्यासाठी नव्हेत. मळा ते घर, घर ते बाजार, तेही सपाटीला. पहिल्यांदा रिकामी ओढा, मग निम्मी भरून.

जिची सायकल होती ती पोरगी धावत येईल आणि गाडीत बसायचा हट्ट धरेल. बसवू नका. टेकायला पाठ नाही, बांधायला पट्टा नाही आणि घरी केलेल्या जोडावर पोराचा जीव सोपवायचा नसतो. दोन्ही सायकलींचे लाल रिफ्लेक्टर मात्र मागच्या फळीला तिच्याच हातून लावून घ्या. ते लावले तरी हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या गाड्या धावत असताना, अंधार पडल्यावर ही गाडी बाहेर काढू नका.