गुपचूपचं व्याज

येरमाळ्यात, येडेश्वरीच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर, दोन खोल्या, एक पडवी आणि पुढं अंगण असं एक घर आहे. घरात शिवणकाम करणारी बाई आणि तिची दोन लेकरं. नवरा पुण्याला कंपनीत आहे, सुट्टी मिळत नाही, एवढंच गावाला ठाऊक होतं. खरी गोष्ट अशी की दीड वर्षापूर्वीच तो वेगळा झाला होता. आता फोन आला की त्याचं एकच बोलणं असे: घर विकू, अर्धे अर्धे करू, मोकळे होऊ.

मागणी बेकायदा नव्हती. जागेचं खरेदीखत दोघांच्या नावाचं होतं. घराचे आठ लाख येतील असा गावातला अंदाज, त्यातून पतसंस्थेचं दोन लाख चाळीस हजार कर्ज वजा जाता त्याच्या वाट्याला दोन लाख ऐंशी हजार. बाईला घर ठेवायचं होतं. पोरगी आठवीत, पोरगा पाचवीत, मशीन पडवीत आणि गिऱ्हाईक सगळं आजूबाजूच्या गल्लीतलं. भाड्याच्या खोलीत गेली असती तर छप्पर मिळालं असतं, धंदा पहिल्यापासून उभा करावा लागला असता.

मग तिनं खर्च कमी करायला घेतला. दूध अर्धा लिटरवर आणलं. पोरीची शिकवणी बंद केली. गॅस पुरवून वापरायचा म्हणून तुराट्यांवर चूल पेटवू लागली. मशीनची मोटार काढून पुन्हा पायानं शिवू लागली, तर दिवसाला चार ब्लाउज व्हायचे तिथं अडीच होऊ लागले. विजेचे पैसे वाचले आणि त्याच्या कितीतरी पट मजुरी बुडाली. तरी महिन्याच्या शेवटी पतसंस्थेचा ८,१०० चा हप्ता अडायचाच.

अशा वेळी एक जण दारात आला. दीड लाखापर्यंत देतो म्हणाला, शेकडा पाचनं, आणि तारण म्हणून घराचं खरेदीखत करून द्यायचं. पैसे फिटले की उलटवून देऊ. वर एक वाक्य म्हणाला, आणि तेच तिला पटलं: “गावात बोभाटा होणार नाही, ताई. आपल्या दोघांतच राहील.”

सही करायच्या आदल्या दिवशी तिच्याकडे एक कासारीण म्हातारी आली. दर चैत्राला येडेश्वरीच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडणारी, त्याआधी पिशव्या शिवून न्यायला यायची. म्हातारीला अक्षरओळख बेताची, पण आकडा पक्का. मशीनजवळ खर्चाची वही उघडी पडली होती. तिनं ती उचलली आणि बोट ठेवत वाचू लागली.

“हे काय गं? भावकीच्या लग्नांतले आहेर, सहा हजार दोनशे. जोड्यानं केल्यात का?”

“जोड्यानंच करावे लागतात, काकू. नाहीतर विचारतात, हे का नाही आले.”

“आन ह्या साड्या, चोवीसशेच्या?”

बाई गप्प बसली. दिवाळीला आणि संक्रांतीला तिनं स्वतःच साड्या आणल्या होत्या, आणि ‘ह्यांनी पाठवली’ म्हणून नेसून मिरवल्या होत्या. यात्रेच्या पाव्हण्यांसाठी साडेचार हजारांचं सामान आधीच भरून ठेवलेलं होतं, कारण दरवर्षी पंगत असायची. आणि पडवीत मोटारसायकल उभी होती. गाडी नवऱ्याची, चालवत कुणी नव्हतं, पण दारात गाडी दिसली की माणूस येऊन-जाऊन आहे असं वाटतं, म्हणून ती रोज सकाळी फडक्यानं पुसायची आणि तिचा १,९०० चा हप्ता भरायची. सहा महिन्यांचे ११,४००.

म्हातारीनं तिथल्या तिथं बेरीज केली. साडेचोवीस हजार.

“लेकराचं दूध तोडायलीस आन गाडी पुसायलीस,” म्हातारी म्हणाली. “घर राखायलीस का गुपित राखायलीस, ते एकदा ठरव. दोन्हीला पैसा पुरत नसतो.”

“कळलं तर लोक टाकून दिलेली म्हणतील.”

“म्हणतील. चार दिवस म्हणतील. त्या शेकडा पाचवाल्याचं व्याज किती होतं महिन्याला?”

ती घेणार होती त्या एक लाख तीस हजारांवर साडेसहा हजार, तेही नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. वर्षाला शेकडा साठ. बाई ज्या बचत गटात आठ वर्षं होती, तो गट शेकडा एकनं पैसे द्यायचा. तिथं तिनं मागितले नव्हते, कारण गटात कर्ज मागायचं तर दहा बायकांसमोर कारण सांगावं लागतं. फरकाचे चार टक्के ती तोंड बंद ठेवण्यासाठी मोजायला निघाली होती. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे, परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. पण ज्याला गुपित ठेवायचं असतं तो तक्रारीला जात नाही, आणि सावकाराचा धंदा नेमका त्यावर चालतो. खरेदीखत करून दिल्यावर ‘उलटवून देऊ’ हा शब्द हवेतला, कागदावर घर दुसऱ्याचं झालेलं असतं. मराठवाड्यात अशी किती रानं आणि घरं गेली, ते जुन्या माणसांना विचारावं.

सही झाली नाही.

त्या साली, म्हणजे २०२४ ला, चैत्री पौर्णिमा २३ एप्रिलला होती. येडेश्वरीची पालखी डोंगरावरून आमराईत येते, लाखो माणसं रानात चुनखडीचे खडे वेचतात, गाव फुलून जातं. पाहुणे आले. बाईनं पंगत मांडली नाही. पिठलं-भाकरी वाढली आणि वाढता वाढताच सांगितलं, “ते आता इथं राहत नाहीत. आम्ही वेगळे झालोय. घर मी ठेवणार आहे.” एका नणंदेनं ताट बाजूला सारलं. एक जाऊ रडली. एका मामांनी जाताना पोराच्या हातात पाचशेची नोट ठेवली. पंगतीसाठी भरलेलं सामान तिनं अंगणात चूल मांडून यात्रेकरूंना पिठलं-भाकरी विकण्यात लावलं. पुढची खोली मुक्कामाला दिली. यात्रा उलगली तेव्हा बारा हजार हातात राहिले.

मग बाकीची दारं उघडत गेली, कारण आता कारण सांगायला लाज उरली नव्हती. गटानं तीस हजार मंजूर केले. दोन शेळ्या अठरा हजारांना गेल्या. राहिलं गंठण. ते तिनं गळ्यातून काढून विकलं, सत्तर हजार आले. बायका पुष्कळदा असं सोनं गहाण ठेवतात आणि वर्षानुवर्षं त्याचं व्याज भरतात. सोडवून पुन्हा घालायचं नसेल तर गहाणाचं व्याज कशासाठी भरायचं? एकूण एक लाख तीस हजार झाले.

त्याचा वाटा दोन लाख ऐंशी हजार होता, मग एवढ्यात कसं भागलं? इथं वकील कामाला आला, आणि तोही फुकट. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यातल्या १२ व्या कलमाप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब कलमाखाली परस्परसंमतीचा अर्ज झाला. तिच्या एकरकमी पोटगीचे दीड लाख धरून ते त्याच्या वाट्यातून वळते केले, उरलेले एक लाख तीस हजार रोख. मोटारसायकल त्याची त्याच्याकडे गेली, हप्त्यासकट. लेकरांची पोटगी महिना चार हजार वेगळी ठेवली. नवऱ्यानं तीही घरात वळती करू म्हटलं होतं. वकिलानं ऐकलं नाही. लेकरांची पोटगी हा लेकरांचा हक्क आहे, आईलासुद्धा तो सोडून देता येत नाही.

या सगळ्यात बाईनं एक गोष्ट शहाणपणाची केली. रोख रक्कम तिनं दस्त नोंदवायच्या दिवशीच हातात दिली, आधी एक रुपया नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर तिचं नाव आधीपासून होतं. घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावायचं ‘घर दोघांचे’ हे धोरण राज्यानं २००३ मध्ये आणलं, ते फार चांगलं झालं. पण नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा कागद नव्हे. गावाकडं पुष्कळ लोक इथंच फसतात. दुय्यम निबंधकाकडे दस्त झाला, मग उतारा एकट्या तिच्या नावाचा झाला.

पतसंस्थेत तिनं मुदत वाढवून मागितली. तीन वर्षांऐवजी सहा. हप्ता ४,८०० वर आला, शेवटपर्यंत व्याज मात्र चोपन्न हजारांनी जास्त जाणार. हा तोटा तिनं डोळे उघडे ठेवून पत्करला, आणि हातात जास्तीचं काही आलं की मुद्दलात भरायचं ठरवलं. पुढची खोली बदलीवर आलेल्या एका नर्सबाईंना अडीच हजारांनी दिली. शेजारी म्हणाले, घराची शोभा गेली. लाडकी बहीण योजनेचे १,५०० त्याच सालच्या जुलैपासून सुरू झाले. भाडं आणि ते मिळून चार हजार, म्हणजे हप्त्याला आठशेच कमी पडतात. मशीनला मोटार पुन्हा बसली. दूध एक लिटर झालं. पोरीची शिकवणी सुरू झाली. आहेर आता ती एकटीच्या नावानं करते, एकशे एक रुपये पाकिटात.

टाकलेल्या बायांनी तोंड उघडावं म्हणून या राज्यात मोठं काम झालेलं आहे. संगमनेरला १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद भरली आणि तोवर घराघरांत दडलेल्या बाया पहिल्यांदा मांडवात येऊन बोलल्या. रेशनकार्ड, निवारा, पोटगी या मागण्या तिथून पुढं आल्या. बोलल्या म्हणून मोजल्या गेल्या. आमच्या गोष्टीतल्या बाईला हे काही ठाऊक नव्हतं. तिला कासारणीनं वही वाचून दाखवली, तेवढं पुरलं.

तुमच्या गल्लीत, भावकीत अशी कुणी असेल तर तिला दोन गोष्टी आजच सांगा. घराच्या तारणासाठी कुणालाही खरेदीखत करून देऊ नको. आणि तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथं अर्ज कर, वकिलाचे पैसे लागत नाहीत. एकटी जायला कचरत असेल तर सोबत जा.